बेरीज वर, तपशील खाली

(एक्सेलच्या अनेक शीटांवरून एकत्र हिशेब काढण्याविषयीच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा जाहीर विषय असा आहे: बारा महिन्यांच्या बारा शीटांमधून अट घालून बेरीज कशी काढायची. तिकडे वळणारच आहे. पण आधी शीटच्या तळाशी लिहिल्या जाणाऱ्या ‘एकूण’च्या ओळीबद्दल बोलायला हवं, कारण या विषयातल्या निम्म्या अडचणी तिथेच जन्माला येतात. आणि एक सूचना: फॉर्म्युले इथे देवनागरीत सांगतो आहे, टाइप करताना फंक्शनची नावं, कॉलमची अक्षरं आणि आकडे इंग्रजीच घ्यायचे. शीटांची नावं मात्र मराठीत खुशाल ठेवा.

वहीत बेरीज तळाला येते, कारण हात वरून खाली जातो आणि पान कुठे संपणार हे ठरलेलं असतं. शीटला असं पान नाही. एक्सेल २००७ पासून एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आहेत. तरी सवय वहीचीच. जानेवारीत चाळीस नोंदी झाल्या, एकूण आली बी४२ मध्ये. फेब्रुवारीत बावन्न झाल्या, एकूण बी५४ मध्ये. मार्चमध्ये कुणी दिसायला बरं म्हणून दोन ओळी कोऱ्या सोडल्या. आता वर्षाचा गोषवारा करणारा माणूस बरोबरचं चिन्ह टाइप करतो, जानेवारीच्या टॅबवर जातो, तळ शोधतो, क्लिक करतो, अधिकचं चिन्ह दाबतो, फेब्रुवारीच्या टॅबवर जातो, पुन्हा तळ शोधतो. शेवटी हाती येतं ते असं:

=जानेवारी!बी४२+फेब्रुवारी!बी५४+मार्च!बी४९+…

या माळेत ऑगस्ट राहून गेला तर सांगणारं कोणी नाही. एरर येत नाही, आकडा येतो आणि तो पटण्यासारखा असतो. मे महिन्यात एकूणऐवजी तिच्या वरच्या सेलवर क्लिक पडलं, तरी तेच. बरं, तळाच्या बेरजेलाही स्वतःचा रोग आहे. ‘एकूण’च्या अगदी वर नवी ओळ घालून नोंद केली, की बेरजेची व्याप्ती कधी आपोआप वाढते, कधी वाढत नाही. ज्या दिवशी वाढत नाही त्या दिवशीची नोंद हिशेबाबाहेर राहते.

म्हणून माझा आग्रह एकच: बेरीज वर, तपशील खाली. पहिल्या ओळीत महिन्याचं नाव, दुसऱ्या ओळीत बेरीज, चौथ्या ओळीत हेडिंग, पाचवीपासून नोंदी: ए कॉलममध्ये खर्चाचा प्रकार, बीमध्ये रक्कम. बी२ मध्ये लिहायचं =सम(बी४:बी५०००). सम म्हणजे SUM, बेरीज करणारं फंक्शन. व्याप्ती पाचऐवजी चारपासून का? कारण पहिल्या नोंदीच्या वर ओळ घातली, तर पाचपासून सुरू होणारी व्याप्ती सहावर सरकते आणि नवी नोंद बाहेर पडते. हेडिंगपासून सुरुवात केली की तो धोका जातो, आणि हेडिंगमधली अक्षरं सम मोजतच नाही. ए५ वर उभं राहून ‘व्ह्यू’मधून ‘फ्रीझ पेन्स’ करा, बेरीज कायम डोळ्यांसमोर राहते.

बाराही शीटांत हे एकदम करता येतं. जानेवारीच्या टॅबवर क्लिक, शिफ्ट दाबून डिसेंबरच्या टॅबवर क्लिक. वरच्या पट्टीत फाइलच्या नावापुढे ग्रुप असं दिसू लागतं. आता जे टाइप कराल ते बारा ठिकाणी उमटतं. काम झालं की टॅबवर राइट क्लिक करून ‘अनग्रुप शीट्स’ केलंच पाहिजे. ते विसरून जानेवारीत एक नोंद दुरुस्त केली, की उरलेल्या अकरा महिन्यांतल्या त्याच सेलवर तोच आकडा बसतो, आणि समोर जानेवारी असल्यामुळे हे दिसतही नाही.

आता प्रत्येक महिन्याची बेरीज बी२ मध्येच आहे. मग माळ संपली. =सम( इतकं टाइप करा, जानेवारीच्या टॅबवर क्लिक, शिफ्ट दाबून डिसेंबरच्या टॅबवर, मग बी२ वर क्लिक, कंस बंद, एंटर:

=सम(जानेवारी:डिसेंबर!बी२)

याला थ्री-डी रेफरन्स म्हणतात. थोडं मागचं सांगतो. १९७९ च्या व्हिजिकॅल्क या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये एकच शीट होतं. एकावर एक शीट ठेवून आरपार बेरीज ही सोय लोटस १-२-३ या प्रोग्राममध्ये १९८९ च्या रिलीज ३ बरोबर आली. आज आपण टॅब असलेलं जे वर्कबुक वापरतो, ते एक्सेल ५ बरोबर १९९३ मध्ये आलं. आरपार हा शब्द लक्षात ठेवा, कारण हा फॉर्म्युला शीटांची नावं वाचत नाही, टॅबांचा क्रम वाचतो. जानेवारी आणि डिसेंबर या दोन टॅबांमध्ये जे जे आहे ते सगळं तो धरतो, लपवलेलं शीटसुद्धा. जुलैचा टॅब ओढून डिसेंबरच्या उजवीकडे टाकला, की जुलै बेरजेतून गेला. गोषवाऱ्याचं शीट चुकून मध्ये सरकलं आणि हा फॉर्म्युला तिथेही बी२ मध्येच असला, तर तो स्वतःलाच मोजायला जातो आणि सर्क्युलर रेफरन्सची सूचना येते.

यावर जुना आणि पक्का उपाय आहे. जानेवारीच्या डावीकडे ‘आरंभ’ आणि डिसेंबरच्या उजवीकडे ‘अखेर’ अशी दोन कोरी शीटं ठेवा, गोषवारा त्यांच्या बाहेर. फॉर्म्युला होतो =सम(आरंभ:अखेर!बी२). नवं शीट या दोघांच्या मध्ये टाकलं की मोजलं गेलं. नंतर ‘रिव्ह्यू’मधून ‘प्रोटेक्ट वर्कबुक’ करून रचना बंद करा, म्हणजे कोणी टॅब हलवू शकत नाही, डिलीटही करू शकत नाही. हे फार महत्त्वाचं, कारण डिलीट केलेलं शीट अनडू करून परत येत नाही.

दोन पडताळण्या ठेवा. एक, =काउंट(आरंभ:अखेर!बी२). काउंट फक्त आकडे असलेले सेल मोजतं. उत्तर १२ आलं पाहिजे. अकरा आलं तर एक महिना बाहेर आहे, तेरा आलं तर कोणीतरी आगंतुक आत आहे. दुसरी पडताळणी अक्षरांच्या रूपात बसलेल्या आकड्यांसाठी. दुसरीकडून चिकटवलेले असे आकडे सेलमध्ये डावीकडे टेकलेले दिसतात आणि सम त्यांना निमूट वगळतं. प्रत्येक शीटच्या बी३ मध्ये =काउंटए(बी४:बी५०००)-काउंट(बी४:बी५०००)-१ लिहा. काउंटए भरलेले सगळे सेल मोजतं, अक्षरांचेसुद्धा. शेवटचा एक वजा केला तो हेडिंगचा. गोषवाऱ्यात =सम(आरंभ:अखेर!बी३) शून्य यायला हवा. आला नाही तर ज्या महिन्याचा बी३ शून्य नाही तिथे जा, कॉलम निवडा, ‘डेटा’मधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा आणि थेट ‘फिनिश’ दाबा. बहुतेक आकडे शुद्धीवर येतात.

वेळेची चिठ्ठी आली आहे. तेव्हा जाहीर केलेला विषय आता भरभर घेतो.

अट घालून बेरीज म्हणजे समइफ. अडचण अशी की समइफ, समइफ्स, काउंटइफ यांना थ्री-डी रेफरन्स चालत नाही, #व्हॅल्यू! येतं. सम, ॲव्हरेज, काउंट, मॅक्स, मिन यांना चालतो. मग तीन वाटा.

पहिली, मला सगळ्यात पटणारी: अटीचं काम प्रत्येक शीटने स्वतः करावं. गोषवाऱ्यात डी१ ते के१ आडवी खर्चाच्या प्रकारांची नावं लिहा. बारा शीटं ग्रुप करून डी२ मध्ये लिहा =समइफ($ए$४:$ए$५०००,गोषवारा!डी$१,$बी$४:$बी$५०००) आणि के२ पर्यंत ओढा. अनग्रुप करा. गोषवाऱ्याच्या डी२ मध्ये =सम(आरंभ:अखेर!डी२), तोही ओढा. ही पट्टी वरच हवी. नोंदींच्या शेजारी उभी ठेवली आणि कोणी नोंदीची आख्खी ओळ डिलीट केली, तर त्या एका शीटमधली पट्टी वर सरकते आणि थ्री-डी फॉर्म्युला चुकीचा सेल वाचत राहतो. नवा प्रकार आला तर शेवटी, एल१ मध्ये जोडा, मध्ये कॉलम घालू नका.

दुसरी वाट इनडायरेक्टची, म्हणजे अक्षरांत लिहिलेला पत्ता खरा पत्ता म्हणून वाचणाऱ्या फंक्शनची. शीटांची नावं एका पट्ट्यात लिहून त्याला ‘यादी’ नाव द्या:

=समप्रॉडक्ट(समइफ(इनडायरेक्ट("'"&यादी&"'!ए४:ए५०००"),डी१,इनडायरेक्ट("'"&यादी&"'!बी४:बी५०००")))

चालतं, पण जपून. यादीत एक सेल रिकामा असला तरी #रेफ! येतं. शीटचं नाव बदललं तर यादीत हाताने बदलावं लागतं. आणि फाइलमध्ये कुठेही काही बदललं की इनडायरेक्ट पुन्हा मोजलं जातं, त्यामुळे मोठी फाइल जड होते.

तिसरी वाट मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२४ असणाऱ्यांसाठी. व्हीस्टॅक हे व्याप्ती एकाखाली एक रचणारं फंक्शन थ्री-डी रेफरन्स घेतं:

=सम(फिल्टर(व्हीस्टॅक(आरंभ:अखेर!बी५:बी५०००),व्हीस्टॅक(आरंभ:अखेर!ए५:ए५०००)=डी१,०))

दोन्ही व्याप्ती सारख्याच लांबीच्या हव्यात. शेवटचा शून्य विसरलात, तर एकही नोंद न जुळल्यावर #कॅल्क! दिसेल. व्हीस्टॅकचा निकाल समइफला देऊ नका. त्याला खरीखुरी व्याप्ती लागते.

गूगल शीट्समध्ये थ्री-डी रेफरन्स नाहीच, तिथे बारा बी२ ची माळ लिहावीच लागते. पण सेलचा पत्ता सगळीकडे एकच असल्यामुळे ती नजरेनं तपासता येते. लिब्रेऑफिसमध्ये थ्री-डी आहे, फक्त उद्गारचिन्हाऐवजी टिंब: =सम(आरंभ.बी२:अखेर.बी२).