थीमच्या कपाटात कुठली पुस्तकं ठेवायची?

नमस्कार मंडळी. आजचा विषय ऐकायला अगदी सर्क्युलरसारखा वाटतो, अॅडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवार हा शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) म्हणून पाळणाऱ्या आपल्या ख्रिस्ती पंथाच्या, शाळेच्या अभ्यासक्रमासाठी थीमनुसार वाचनाची पुस्तकं कशी निवडावीत, पण इथे बसलेल्या शिक्षकांना माहितीये की हा मुळात भांडणाचा विषय आहे. स्टाफरूममध्ये भांडण, पालकांशी भांडण, कधी कधी पास्टरांशीसुद्धा. त्यामुळे मी गुळमुळीत बोलणार नाही.

आधी थीमचं बघू. उत्तर अमेरिकेतल्या अॅडव्हेंटिस्ट शाळांसाठी 'पाथवेज' नावाचा भाषेचा प्रोग्राम तयार झाला, बालवर्ग ते आठवी. त्यात एक जाडजूड रीडर घेऊन धडा पहिला, धडा दुसरा असं जात नाहीत. एक थीम असते, त्या थीमचं एक मुख्य पुस्तक, जोडीला त्याच विषयावरची आणखी काही, आणि लेखन, व्याकरण, स्पेलिंग हे सगळं त्या पुस्तकाच्या आजूबाजूनेच चालतं, शिवाय बायबलशी जोड. तिकडे हे छान बसतं कारण बऱ्याच शाळा अगदी छोट्या, एक किंवा दोन शिक्षक आणि एकाच खोलीत तीन-चार इयत्ता, मग धाडस हा विषय सगळ्यांना एकच पण पुस्तक ज्याच्या त्याच्या लेव्हलचं असं करता येतं. आपल्याकडे बोर्डाचं पाठ्यपुस्तक काही सुटत नाही, त्यामुळे थीम येते ती अवांतर वाचनाच्या तासाला. चालेल, तेवढा तास पण पुष्कळ आहे.

आता गडबड कुठे होते? थीम ठरली की आपण त्या नावाची पुस्तकं शोधायला लागतो. प्रामाणिकपणा म्हटलं की पाकीट सापडलेल्या मुलाची गोष्ट. तो पाकीट परत करतो, मालक खूश होऊन त्याला सायकल घेऊन देतो, संपलं. मुलं हुशार असतात हो, त्यांनी त्यातून काय घेतलं तर पाकीट परत केलं की सायकल मिळते! सायकल न मिळणारी, उलट प्रामाणिकपणामुळे चार दिवस मित्र बोलेनासे झालेत अशी गोष्ट शोधा, मग बघा वर्ग कसा बोलायला लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की थीम मुलांपुढे प्रश्न म्हणून गेली पाहिजे. उत्तर आधीच कव्हरवर छापलेलं असेल तर मूल पुस्तक उघडेल कशाला?

यावर लगेच कोणीतरी म्हणतं, पण आपल्याकडे काल्पनिक गोष्टी चालतात का? हा मुद्दा खरा आहे, टाळण्यासारखा नाही. आपल्या चर्चच्या संस्थापकांपैकी एक, एलन व्हाइट, यांनी कादंबऱ्यांविरुद्ध फार कडक लिहिलंय, आणि 'एज्युकेशन' हे त्यांचं 1903 चं पुस्तक आजही आपल्या शाळांचा पाया मानतात, म्हणून घाईघाईत असा नियम काढला जातो की घडलेलं असेल तर घ्या, रचलेलं असेल तर नको. पण त्यांनी स्वतः काय केलं तेही बघा ना. त्या मासिकांमधल्या गोष्टींची कात्रणं काढून स्क्रॅपबुकं बनवायच्या, त्यातूनच 1870 च्या दशकात घरी शब्बाथाला वाचायचे गोष्टींचे संग्रह निघाले, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी आजच्या हिशेबाने काल्पनिकच म्हणाव्या लागतील. जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या रूपककथेचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलंय, आणि ती तर पहिल्या पानापासून रचलेली. (आपल्याकडे हरि केशवजींनी ती 1841 मध्येच मराठीत आणली होती, 'यात्रिकक्रमण' म्हणून, म्हणजे अॅडव्हेंटिस्ट चर्च 1863 मध्ये रीतसर स्थापन व्हायच्या वीस-बावीस वर्षं आधी.)

मग 1971 मध्ये जनरल कॉन्फरन्सच्या, म्हणजे चर्चच्या जागतिक मुख्यालयाच्या, शिक्षण विभागाने साहित्य शिकवण्याबद्दल एक मार्गदर्शक पुस्तिका काढली, त्यात हा गुंता बऱ्यापैकी सोडवलाय. एलन व्हाइट यांचा राग कशावर होता? ज्याचं व्यसन लागतं, जे सनसनाटी आहे, जे भावना उगाच चाळवतं, जे वाचून अभ्यासाला आणि प्रार्थनेला मन लागत नाही, अशा वाचनावर. रचलेलं की घडलेलं, नुसत्या एवढ्यावर नाही. माझ्या मते ही चाळणी खरंच कामाची आहे आणि ती उलटीकडून पण लावा, कारण घडलेली पण भडक, रक्ताची वर्णनं करकरून लिहिलेली 'सत्यकथा' या चाळणीत अडकते आणि एखादी शांत काल्पनिक गोष्ट आरामात पार होते.

खऱ्या गोष्टींचा विषय निघालाच आहे तर डेस्मंड डॉस घेऊ, कारण धाडस ही थीम आली की प्रत्येक अॅडव्हेंटिस्ट शाळेत पहिलं नाव हेच येतं. अमेरिकन सैन्यातला वैद्यकीय शिपाई, बंदूक हातात घेणार नाही म्हणाला, बरोबरच्या सैनिकांनी टर उडवली, आणि मे 1945 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जपानमधल्या ओकिनावाच्या एका कड्यावरून जखमी माणसांना दोरीने एकेक करून खाली सोडलं. ऑक्टोबरमध्ये प्रेसिडेंट ट्रुमननी मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक, दिलं. सगळ्या पुस्तकांत छापलेलं असतं, 75 जणांना वाचवलं. पण हा आकडा आला कुठून माहितीये? अधिकारी म्हणत होते शंभर, डॉस स्वतः म्हणत होता छे, पन्नासच्या वर नसतील, मग मधला आकडा धरला. आता ज्या पुस्तकात ही गंमत दिलीये ते घ्या. सातवीच्या मुलांना विचारा, त्याने शंभर का नाही म्हणून टाकलं? धाडसाच्या थीममध्ये प्रामाणिकपणा फुकटात येतो. आणि दुसरा प्रश्न मुलं आपणहून विचारतात, त्या दिवशी तर शनिवार होता, शब्बाथ, मग त्याने काम कसं केलं? तिथून तुम्ही थेट शब्बाथाला बरं करणाऱ्या येशूपर्यंत पोचता, वेगळी बायबल-जोड चिकटवावी लागत नाही. तिसरा प्रश्न जरा अवघड, बाकीच्यांनी बंदूक घेतली ते चुकले का? कोणाचा मामा नाहीतर आजोबा आर्मीत असतात, आपल्या सातारा-कोल्हापूरच्या मुलांना तर हमखास. हा प्रश्न दाबू नका. त्याच थीममध्ये एका साध्या सैनिकाची गोष्ट शेजारी ठेवा आणि होऊ दे चर्चा.

आता भुतं. बाहेरच्या लोकांना वाटतं आपण भुताच्या गोष्टी घाबरट म्हणून टाळतो, तसं नाहीये, इथे आपली शिकवण आड येते. मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत झोपलेला आहे, त्याला काही कळत नाही असं आपण मानतो, मग पिंपळावरचा मुंजा गोष्टीत बोलायला लागला की नुसती भीती वाटत नाही, मेल्यावर काय होतं याबद्दल एक वेगळंच सांगितलं जातं. म्हणून तिसरी-चौथीच्या कपाटात मी भुताची गोष्ट ठेवणार नाही, विनोदी असली तरी. पण मोठ्या मुलांचं काय? ती कंजूष म्हाताऱ्याची प्रसिद्ध इंग्रजी नाताळकथा, डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल', दया आणि मनपरिवर्तनाच्या थीमला इतकी फिट बसते की हात शिवशिवतात, आणि तिच्यात तर मेलेला पार्टनर साखळ्या ओढत येतो. मी आठवीला देईन. एका अटीवर, त्याच आठवड्यात शौल राजा आणि मेलेल्यांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईची गोष्ट वाचायची, पहिल्या शमुवेलाचा अठ्ठाविसावा अध्याय, कारण मेलेला संदेष्टा आल्यासारखा बायबलमध्येच दिसतो आणि आपण ते कसं समजून घेतो हे मुलांना शिक्षकांच्या तोंडून कळलेलं बरं, नाहीतर यूट्यूब आहेच. काही सहकाऱ्यांना हे पटणार नाही, माहितीये मला.

मराठीचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. आपली बरीचशी पुस्तकं इंग्रजीतून आलेली, त्यात स्नो पडतो आणि आजी अॅपल पाय बेक करते. आणि इथे मराठी ख्रिस्ती लेखनाचा एवढा जुना साठा पडलाय! बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', 1857, विधवांच्या हालांवर. पाचवीला नको, त्यातली वर्णनं जड आहेत आणि स्पष्ट सांगतो, मधेमधे उपदेश पण फार लांबतो, पण नववीत न्याय या थीमखाली निवडक पानं जरूर. आणि माझ्या यादीत एक नंबरला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, ह्या तेव्हा झाल्या नाहीत, काही वर्षं दोघं वेगळी, मग पुन्हा एकत्र आली तरी एकाच घरात ह्यांचं सोवळ्यातलं वेगळं जेवण, आणि जातपात मनातून कशी गेली हे त्यांनी स्वतःवर हसत हसत लिहिलंय. घर म्हणा, क्षमा म्हणा, विश्वास म्हणा, कुठल्याही थीमला लावा. टिळक काही अॅडव्हेंटिस्ट नव्हते, नसू देत. आपल्या वर्गात बरीच मुलं हिंदू, मुस्लिम, बौद्ध घरातली असतात, त्यांना हे पुस्तक परकं वाटत नाही कारण बाई कोणालाच खाली पाडून लिहीत नाहीत. पुस्तक निवडताना हे जरूर बघा, दुसऱ्या धर्माचा माणूस गोष्टीत आहे तो माणूस म्हणून आहे की फक्त हरण्यासाठी ठेवलाय? तसं असेल तर ख्रिस्ती प्रकाशनाचं असलं तरी परत करा.

राहता राहिली खरेदी. प्रकाशकाची थीमवार यादी आली की एकदम तीस प्रती मागवायची सवय सोडा प्लीज. एक प्रत मागवा, दोन शिक्षकांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा, त्यातला एक भाषा न शिकवणारा असू दे, आणि एकदा तुमच्या वर्गातल्या सगळ्यात कंटाळणाऱ्या मुलाकडे घरी न्यायला द्या. पालकाची तक्रार आली तर ऐकून घ्या, पण त्यांनी पूर्ण पुस्तक वाचलंय का ते आधी विचारा, नसेल तर तीच प्रत त्यांच्या हातात द्या आणि पुढच्या आठवड्यात चहाला बोलवा. मार्चपर्यंत हे उरकलं तर जूनला पुस्तकं कपाटात असतील, एप्रिलमध्ये सुरू केलंत तर मग सुट्टी लागते आणि कोणी काही वाचत नाही.

बरं, आता तुमचे प्रश्न घेतो, मागच्या रांगेतल्या मॅडम केव्हापासून हात वर करून आहेत.