समेवर कोण वाजणार?

मघाशी एकानं विचारलं, "सर, बेस गढूळ होतो, कुठला प्लगइन घेऊ?" प्लगइनचं, म्हणजे आवाजावर काम करणाऱ्या त्या छोट्या सॉफ्टवेअरचं, नंतर बघू. गाणं बसत होतं तेव्हा तुमच्यासोबत कोण कोण होतं, ते आधी सांगा.

आम्ही तिघांनी एक गाणं केलं. चाल माझी, शब्द मित्राचे, गायला एक मुलगी. सगळं व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर. चाल बांधली पांढरी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी सा धरून. तिथे बेस गिटारला खालचा सा ४४ हर्ट्‌झच्या आसपास मिळतो, आरामात. मुलगी म्हणाली, "दादा, वर ताण येतोय, पांढरी दोन करा ना." केली. आता तो सा आला ३७ हर्ट्‌झवर, आणि चार तारांच्या गिटारची सगळ्यात जाड तार ४१ची. सूर गिटारवर नाहीच! बेसवाला एक सप्तक वर, ७३वर गेला. तिथे आमचा डग्गा आधीच मांडी ठोकून बसलेला.

मग दोन रात्री मी इक्यू फिरवतोय, म्हणजे कुठले सूर कमी, कुठले जास्त ते ठरवतोय. किक ड्रम, तो पायानं वाजवायचा मोठा ढोल, एका जागी तरी राहतो. डग्गा कुठला राहायला? मनगट दाबलं की घुमारा वर सरकला. तुम्ही ७३ला खाच पाडेपर्यंत स्वारी पुढे गेलेली असते. साइडचेन लावला, डग्गा वाजला की बेस दबेल असा. बेसला उचकी लागल्यासारखं वाटायला लागलं.

सोडवलं कवीनं. त्याला हर्ट्‌झ म्हणजे काय तेही माहीत नाही. ऐकून म्हणाला, "अरे, समेवर सगळेच एकदम काय बोलताय? माझा शब्दपण तिथंच चेंगरतोय." सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. त्यानं ओळ एक मात्रा पुढं ढकलली. मग तबलजीलाही सुचलं. आठ मात्रांच्या केहरव्याच्या पहिल्या 'धा'च्या जागी त्यानं नुसता 'ना' वाजवला, म्हणजे डग्गा गप्प. सम किक आणि बेसची. सातव्या मात्रेच्या 'धी'ला डग्ग्यानं मनसोक्त घुमायचं, तेव्हा बेसनं थांबायचं. माझे इक्यूचे निम्मे कट मी काढून टाकले. मिक्सिंगमध्ये कवीचं नाव द्यायला हवं होतं, दिलं नाही. अजून टोमणे मारतो.

खोलीचं मात्र कवी काही करू शकत नाही. माझी दहा बाय दहाची. दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर अडकतो. भिंतीपाशी दणदणतो, मधोमध जवळजवळ गायब. मी नेमका मधोमध बसायचो. ऐकू येईना म्हणून वाढवत गेलो, आणि गाडीत लावलं तर दारं थरथरली. आता खुर्ची मागे घेतलीय, आणि शेवटचा निर्णय हेडफोनवर.

मोबाइलच्या स्पीकरला तर ७३ झेपतच नाही. पण बेसला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलकी खरखर, दिलं की १४६, २२० हे वरचे स्वर उठून येतात आणि खालचा सूर कान स्वतःच भरून काढतो. थांबा, ऐकवतोच. आधी पांढरी दोनचा पहिला मिक्स, 'धा'वाला. डोळे मिटा आणि फक्त सम मोजा.