आकाशनौकेचा आवाज आधी येतो

श्रोतेहो, नमस्कार.

एका चित्रकथेचे पान डोळ्यांसमोर आणावे, अशी सुरुवातीलाच विनंती करते. पहिल्या चौकटीत एक मुलगी माळावर गवत कापते आहे आणि वरच्या कोपऱ्यात, सहज नजरेतून सुटावे इतक्या बारीक अक्षरांत 'घर्र' असे लिहिलेले आहे. मुलीने मान वर केलेली नाही. दुसऱ्या चौकटीत तीच अक्षरे किंचित मोठी झाली आहेत आणि विळा हातातच थबकला आहे. तिसऱ्या चौकटीत सगळे गवत एका अंगाला झुकले आहे, मुलीवर सावली आली आहे, अक्षरांनी अर्धी चौकट व्यापली आहे आणि त्यांचा वरचा भाग चौकटीच्या काठावर कापला गेला आहे. पान उलटले की समोरासमोरच्या दोन्ही पानांवर पसरलेली आकाशनौका दिसते, आणि त्या भल्यामोठ्या चित्रात आवाजाचे एकही अक्षर नाही.

मी चित्रकथा लिहिते, आणि हे शेवटचे चित्र मुके का ठेवायचे, हा प्रश्न माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. लेखकाला मोह असतो तो नेमका इथेच सर्वांत मोठे 'घर्रर्र' लिहिण्याचा. परंतु अक्षर वाचायला ठरावीक वेळ लागतो, आणि ते वाचून झाले की डोळा पुढच्या चौकटीकडे सरकतो. अक्षर नसलेल्या चित्रात मात्र डोळा आपल्या मर्जीने फिरतो, नौकेच्या पोटाखालचे कठडे पाहतो, दोर मोजतो, खिडकीतला एखादा चेहरा शोधतो. आवाजाने तीन चौकटींत जेवढा वेळ काटेकोरपणे मोजून घेतला, तेवढाच वेळ मुके चित्र मोकळा सोडते. चित्रकथेतील आवाज वेळ मोजण्याचे काम करतो, आणि आकाशनौकेच्या कथेत तर हे काम त्याच्याइतके चांगले दुसरे कोणीच करू शकत नाही.

याचे कारण आकाशनौकेच्या, म्हणजे हवेहून हलक्या वायूवर तरंगणाऱ्या यंत्रचलित जहाजाच्या, आकारात आणि गतीत आहे. खरोखर उडालेल्या नौकांपैकी 'हिंडेनबुर्ग' ही जर्मन नौका २४५ मीटर लांब होती आणि तिचा प्रवासाचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असे. गणित केले तर तिला स्वतःच्या लांबीएवढे अंतर कापायला सात सेकंद लागत. कल्पनेतली नौका याहून मोठी आणि मंद असते. ती अर्धा किलोमीटर लांब आहे आणि सेकंदाला दहा मीटर सरकते आहे असे मानले, तर डोक्यावरून पूर्ण निघून जायला तिला पन्नास सेकंद लागतील. पन्नास सेकंद म्हणजे आकाशवाणीवर पुष्कळच मोठा काळ; तेवढा वेळ मी इथे गप्प राहिले, तर केंद्र बंद पडले असे आपल्याला वाटेल. विमान एका 'सूंऽ'मध्ये निघून जाते, त्याला एक चौकट पुरते. नौकेचे पन्नास सेकंद न हलणाऱ्या चित्रात आणायचे, तर एकच आवाज अनेक चौकटींवर ताणून लिहावा लागतो, आणि त्या चौकटींत माणसांच्या लहान लहान हालचाली घडू द्याव्या लागतात: कोणी मुलाला आत ओढतो, कोणी दिवा विझवतो, कोणी नुसता उभा राहतो. वरचा शब्द अजून संपलेला नसतो, म्हणून हे सारे एकाच सावलीखाली घडते आहे हे वाचकाला सांगावे लागत नाही.

असा ताणलेला शब्द लिहिण्यासाठी देवनागरी लिपी मला विलक्षण सोयीची वाटते, आणि या गोष्टीचा मला मनापासून आनंद आहे. रोमन लिपीतील प्रत्येक अक्षर सुटे उभे असते. त्याचा शब्द दोन चौकटींत तोडला, तर तुकडे जुळवण्याचे काम वाचकावर पडते. आपल्याकडे शिरोरेषा आहे. पहिल्या चौकटीत 'घ', दुसऱ्यात 'र' आणि तिसऱ्यात पुन्हा 'घ' लिहून शिरोरेषा मधल्या कोऱ्या पट्ट्या ओलांडत सरळ नेली, तर चौकटी तीन राहतात आणि आवाज एकच राहतो. शिवाय आपली अक्षरे रेषेला खालून लटकलेली असतात. आकाशनौकेची रचनाही तशीच आहे; वर वायूने भरलेला लांबलचक देह, आणि त्याखाली माणसे व यंत्रे वाहणारे कक्ष टांगलेले. नौकेच्या तळाची रेघ आणि शब्दाची शिरोरेषा एकमेकींना समांतर काढल्या, तर आवाज चित्रावर चिकटवलेला न वाटता चित्रातूनच लोंबतो आहे असे दिसते.

अक्षरलेखनातील एक बारकावा इथे सांगितला पाहिजे. घरघर, धडधड, खडखड, भणभण, करकर, सळसळ या शब्दांत एकही काना, वेलांटी किंवा मात्रा नाही. त्यामुळे अक्षरे कितीही मोठी केली, तरी शिरोरेषेच्या वर काही डोकावत नाही. मराठी व्याकरणात ज्यांना आपण अनुकरणवाचक शब्द म्हणून शिकतो, त्यांतले यंत्रांच्या आवाजाचे इतके शब्द असे सपाट पाठीचे असावेत, हे चित्रकाराचे भाग्यच आहे. किंकाळी, भोंगा किंवा शिट्टी यांच्यासाठी मात्र 'कीं', 'भों', 'सूं' अशी मात्रांनी आणि अनुस्वारांनी काटेरी झालेली अक्षरे हवीत. धोक्याच्या क्षणी ती शिरोरेषा मोडून वर उसळतात आणि डोळ्याला बोचतात. आणि अवग्रह, म्हणजे ते 'ऽ' हे चिन्ह, आवाज न वाढवता केवळ त्याची लांबी वाढवते. 'सूं' आणि 'सूंऽऽऽ' यांत आवाज तोच आहे, फरक आहे तो वेळेचा.

रेडिओनाट्यात आवाज जवळ येतो आहे हे दाखवायला तंत्रज्ञ तो हळूहळू चढवत नेतो. चित्रकथेत हेच काम अक्षराचा आकार करतो, परंतु तिथे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कानाला सततच्या आवाजाची सवय होते. नौकेवर राहणाऱ्या माणसांना यंत्रांची घरघर काही वेळाने ऐकूच येत नाही, म्हणून नौकेच्या आत घडणाऱ्या प्रसंगांत प्रत्येक चौकटीवर 'घर्र' छापणे मला चुकीचे वाटते. ते एकदा लिहावे आणि सोडून द्यावे. मग ज्या चौकटीत घरघरीची 'खडखड' होईल, तिथे वाचक पात्रांच्याही आधी दचकतो.

आतला आणि बाहेरचा आवाज यांत किती अंतर असू शकते, याचे उत्तम उदाहरण पुन्हा 'हिंडेनबुर्ग'चेच आहे. तिची चारही डिझेल इंजिने मुख्य देहाबाहेर, स्वतंत्र कक्षांत बसवलेली होती, आणि प्रवाशांच्या दिवाणखान्यात १९३६ मधील प्रवासांत ॲल्युमिनियमचा एक हलका पियानो होता. बाहेर पंख्यांचा गडगडाट आणि आत पियानोचे सूर! कथाकाराला याहून अधिक काय हवे? एका चौकटीत आत वाजणारे सूर नाजूक, वळणदार अक्षरांत लिहावेत आणि लगेच बाहेरच्या चौकटीत अक्षरांनी आभाळ झाकून टाकावे. त्या दोन चौकटींमध्ये केवळ एका पातळ भिंतीचे अंतर आहे, हे वाचकाला पोटात जाणवते.

त्याच नौकांमध्ये नियंत्रणकक्षातून यंत्रकक्षांकडे हुकूम पोहोचवण्यासाठी, समुद्रावरच्या जहाजांत असते तशी, घंटा वाजवणारी तबकडी असे. नाट्याच्या दृष्टीने ही घंटा मला फार मोलाची वाटते. कप्तानाने हुकूम दिला, 'ठण्' झाले, दूरच्या कक्षात यांत्रिकाने मान वळवली, यंत्राचा सूर बदलला आणि त्यानंतर कितीतरी वेळाने तो अवाढव्य देह वळू लागला. हुकूम आणि परिणाम यांच्यामधला हा विलंब हेच आकाशनौकेचे नाट्य आहे. समोर डोंगराचा कडा आहे, घंटा वाजून गेली आहे, आता कोणालाही काही करण्यासारखे उरलेले नाही. या जागी मी पाच-सहा चौकटी नि:संकोच खर्च करते, आणि त्या सगळ्यांत कडा थोडा थोडा मोठा होत जातो.

आता शांततेविषयी थोडे विस्ताराने बोलू. विमानाचे यंत्र बंद पडले की ते खाली येऊ लागते. आकाशनौकेचे यंत्र बंद पडले तर ती पडत नाही. हवेहून हलका वायू तिला धरून ठेवतो आणि ती वाऱ्याबरोबर वाहत राहते. त्यामुळे यंत्र थांबल्यानंतरची शांतता लांबू शकते, आणि त्या शांततेत काय काय ऐकू येते, ते लिहिण्याची संधी मिळते. जपानी चित्रकथांत शांततेसाठीच 'शीऽऽन' असा शब्द लिहिण्याची रीत आहे. तसाच तेथील 'गोगोगो' हा शब्द एखाद्या प्रचंड वस्तूची घरघर आणि तिचा दरारा दोन्ही एकाच वेळी सांगतो. आपल्या भाषेतही आवाज नसलेल्या गोष्टींना आवाजासारखे शब्द आहेत: लखलख, लुकलुक, डळमळ. रात्री दूरवरून येणाऱ्या नौकेच्या दिव्याखाली बारीक अक्षरांत 'लुकलुक' असे लिहिता येते, आणि यात कोणतीही उसनवारी नाही. शांततेसाठी मात्र मला स्वतंत्र शब्द लिहावासा वाटत नाही. आधी न ऐकू येणारा एखादा लहान आवाज लिहिला, की शांतता आपोआप सिद्ध होते. यंत्रे थांबली, आणि पहिल्यांदाच दोराची 'करकर' ऐकू आली, कापडाची 'फडफड' ऐकू आली, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा श्वासही ऐकू आला. हे आवाज आधीही होतेच.

लढाईच्या प्रसंगांविषयी मी थोडक्यातच बोलेन, कारण तिथे मोठमोठे 'धडाम्' लिहिणे सर्वांनाच जमते. एकच सूचना करावीशी वाटते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दोन किलोमीटरवर नौका पेटली, तर तिचा आवाज पोहोचायला जवळजवळ सहा सेकंद लागतात. ज्वाळा दिसली आहे, आवाज अजून आलेला नाही, आणि पाहणाऱ्यांचे चेहरे उजळून निघाले आहेत, ही चौकट कथेतून गाळू नये.

६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे 'हिंडेनबुर्ग' सुमारे अर्ध्या मिनिटात जळून गेली आणि ३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी तिथे असलेले रेडिओ निवेदक हर्बर्ट मॉरिसन यांचे हेलावून गेलेले निवेदन तबकडीवर ध्वनिमुद्रित होत होते आणि ते नंतर प्रसारित झाले. चलच्चित्रे घेणारे कॅमेरे वेगळे होते. चित्र आणि आवाज पुढे एकत्र जोडले गेले, आणि आज बहुतेकांच्या स्मरणात ते एकच आहेत. चित्रकथेचा वाचक हीच जोडणी दर चौकटीत स्वतः करत असतो. आपण त्याला चित्र देतो, अक्षर देतो, आणि दोन्ही एका क्षणाला बांधण्याचे काम त्याच्यावर सोपवतो. म्हणूनच अक्षर चौकटीत कोठे ठेवले आहे, याला इतके महत्त्व आहे. ते चेहऱ्याच्या आधी वाचले गेले, तर माणूस आवाजाने दचकलेला दिसतो. चेहऱ्यानंतर वाचले गेले, तर त्याला संकट आधीच कळले होते असे वाटते.

पान उलटण्याची जागा छापील पुस्तकात उजव्या पानाच्या तळाशी असते, आणि नौकेचा पहिला अस्पष्ट आवाज तिथे ठेवणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. फोनच्या पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या उभ्या चित्रकथेत उलटायला पानच नसते. तिथे कोऱ्या जागेची लांबी हाच वेळ होतो, आणि वाचकाचा अंगठा नौकेला खाली खाली आणत राहतो.

नौका उतरते तो प्रसंग माझ्या मते सर्वांत अवघड आहे. एवढा वेळ चढत गेलेला आवाज आता उतरवायचा असतो, आणि घाई केली की सारे ओसाड वाटू लागते. 'घरघर' आखूड होत जाते, वायू सोडल्याची 'सूंऽऽ' विरत जाते, कोणीतरी खाली ओरडून हाका मारतो. मग मी नौका चौकटीबाहेर ठेवते. चौकटीत फक्त माती असते, गवताची दोन पाती असतात, आणि वरून पडलेल्या दोराचे टोक. त्याच्या शेजारी, पहिल्या चौकटीतल्या 'घर्र'इतक्याच बारीक अक्षरांत, मी 'थप्' असे लिहिते.

नमस्कार.