तीन लाख दुधाचे दात

नमस्कार श्रोतेहो. बाळाच्या दातांची काळजी कधीपासून घ्यायची, असं विचारलं की बहुतेक आया म्हणतात, पहिला दात आला की. आम्ही दातांचे डॉक्टर मात्र म्हणतो, दिवस गेल्यावर चौथ्या महिन्यापासून. तेव्हा पोटातल्या बाळाच्या हिरड्यांत पुढच्या दुधाच्या दातांचं कवच, म्हणजे इनॅमल, बसायला लागतं. चौथा महिना. लक्षात ठेवा, पुन्हा सांगणार आहे. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, पण इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. एकदा जसं बसलं तसं ते राहतं.

शास्त्र एवढं पुरे. आता गोष्ट, कारण खरं म्हणजे ती सांगायलाच मी आज इथे बसले आहे.

अमेरिकेतलं सेंट लुईस शहर, साल १९५८. तेव्हा अणुबाँबच्या चाचण्या उघड्यावर व्हायच्या. बाँब फुटायचा वाळवंटात नाहीतर दूर समुद्रातल्या बेटावर, पण धूळ वाऱ्यावर कुठच्या कुठे जायची आणि पावसाबरोबर कुरणात उतरायची. ते गवत गाय खायची, गायीचं दूध गरोदर बाई प्यायची. त्या धुळीत स्ट्रॉन्शियम-९० नावाचा किरणोत्सारी पदार्थ असायचा. शरीर त्याला कॅल्शियम समजून घरात घेतं आणि बाळाच्या हाडांत, दातांत नेऊन बसवतं. आता हे दाखवायचं कसं? जिवंत लेकराचं हाड कोण काढून देणार? दुधाचे दात मात्र आपोआप पडतात.

मग पडलेले दुधाचे दात गोळा करून तपासायची मोहीम निघाली. डॉ. लुईझ राईस यांनी ती सुरुवातीची काही वर्षं चालवली. शहरातल्या विद्यापीठांचे शास्त्रज्ञ आणि दंतवैद्य सोबतीला होते. पण खरं काम केलं आयांनी. फॉर्म वाटले गेले. मुलाची जन्मतारीख काय, पोटुशी असताना तुम्ही कुठे राहत होता, बाळाला अंगावर पाजलं की बाटलीनं, सगळं लिहायचं आणि पडलेला दात सोबत पाठवायचा. आपण दात कौलांवर फेकतो, नाहीतर उंदराच्या बिळात टाकतो. तिकडे तो परीसाठी उशीखाली ठेवतात. तो परीचा दात पोरांनी प्रयोगशाळेला दिला! बदल्यात काय मिळालं? एक बिल्ला. ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असं लिहिलेला. चॉकलेट नव्हे, बिल्ला! आपल्या शाळांतून वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटण्याची जी पद्धत पडली आहे, ती कुणी सुरू केली हे मला एकदा शोधून काढायचंय. असो.

दात किती जमले? १९७० पर्यंत तीन लाखांहून जास्त. पहिले आकडे १९६१ साली छापून आले आणि चित्र स्पष्ट होत गेलं. १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत १९५० च्या मुलांपेक्षा सुमारे पन्नासपट स्ट्रॉन्शियम-९० होतं. पन्नासपट! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिका, रशिया आणि ब्रिटननं उघड्यावरच्या चाचण्या बंद करायच्या करारावर सह्या केल्या. कराराला कारणं पुष्कळ होती, पण चाचण्यांच्या त्या वादात या दातांच्या आधी छापून आलेल्या आकड्यांचा दाखला दिला गेला. मला यातला सगळ्यात आवडता भाग पुढचा आहे. २००१ साली सेंट लुईसच्याच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका जुन्या कोठारात पंच्याऐंशी हजारांच्या आसपास दात सापडले, पाकिटांत घालून चिठ्ठ्या लावलेले. आमच्या घरात मागच्या वर्षीचं लाइट बिल सापडत नाही.

तर तिथे दातांनी नुसती नोंद ठेवली. काही पदार्थ दातच बिघडवतात. टेट्रासायक्लिन घ्या. ही प्रतिजैविकं चौथ्या महिन्यानंतर गरोदर बाईनं घेतली किंवा आठ वर्षांच्या आतल्या मुलाला दिली, तर दातांवर पिवळे, करडे पट्टे उमटतात आणि ते घासून जात नाहीत. पुन्हा सांगते, चौथा महिना. तेव्हा मेडिकलवाल्याला ‘अंगात कणकण आहे, काहीतरी द्या’ म्हणून गोळी आणू नका. तो हुशार असेल, पण पोटातल्या बाळाचा हिशोब त्याच्याकडे नसतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे लहानपणी पोटात गेलेलं पाणी कायमच्या दातांवर डाग सोडतं.

फिनलंडमध्ये आईच्या दुधात उतरलेलं डायॉक्सिन, म्हणजे एक विषारी प्रदूषक, आणि मुलांच्या दाढांवरचे डाग यांचा संबंध १९९० च्या दशकात दिसला होता. पुढे डायॉक्सिन कमी झालं, तेव्हा तो दिसेना. त्यामुळे हे ऐकून कुणी अंगावरचं दूध तोडू नका, बायांनो.

एक पाहायचं मात्र राहू देऊ नका. सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, सगळ्यात मागे एक दाढ येते. ती दुधाची नव्हे, कायमची. तिचं इनॅमल जन्माच्या आसपास बसायला लागलेलं असतं. तिच्यावर खडूसारखा पांढरा किंवा पिवळट तपकिरी डाग दिसला, गार पाण्यानं मूल कळवळलं, तर त्याच आठवड्यात दाखवून घ्या. अशा दाढेचे घास चावतानाच कपचे उडतात. नमस्कार.