रिपोर्ट नॉर्मल आला, तरी दुखणे खरे असते

श्रोतेहो, नमस्कार.

मनोविकारतज्ज्ञाच्या ओपीडीत येणारे कित्येक रुग्ण मनाची तक्रार घेऊन येतच नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या एक बाई डोळ्यांसमोर आणा. हे चित्र कोणा एकीचे नाही, वर्षानुवर्षे भेटलेल्या अनेकींचे मिळून झालेले आहे. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात सीटी स्कॅनची घडी पडलेली फिल्म, ईसीजी, सोनोग्राफीचे कागद आणि तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. डोके जड पडते, हातापायांना मुंग्या येतात, छातीत धडधडते, जेवण जात नाही, असे त्या एका दमात सांगतात, आणि सोबतचा मुलगा म्हणतो, "डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. आईला काहीही झालेले नाही." ते ऐकून बाई मान खाली घालतात. आपले दुखणे खोटे ठरवले गेले, हे त्यांना त्या क्षणी कळलेले असते.

आज मला नैराश्याविषयी बोलायचे आहे, आणि मुख्यतः हे सांगायचे आहे की या आजाराचे निदान मशीन करत नाही, ते विचारपूस करून होते. म्हणून ते कच्चे असते असे मुळीच नाही. उदाहरणार्थ, "झोप येते का?" एवढेच विचारून भागत नाही. "पहाटे किती वाजता जाग येते, आणि मग उजाडेपर्यंत काय काय मनात येते?" असे विचारावे लागते. नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी जाग येणे, सकाळ सर्वांत जड जाणे आणि संध्याकाळकडे थोडे हलके वाटणे, हे तीव्र नैराश्यात वारंवार आढळते. "उदास वाटते का?" या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका सहसा "नाही" म्हणतात, पण "मावशी, पूर्वी हौसेने करत होतात असे काय आता नकोसे झाले आहे?" असे विचारले की डोळे भरून येतात. भजनाला जाणे सुटलेले असते, माहेरचा फोन उचलावासा वाटत नाही, भाजी फोडणीला टाकून तिच्याकडे नुसते बघत उभे राहणे होते. मनाची उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे, या दोहोंपैकी एक तरी लक्षण, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार यांसारखी लक्षणे धरून एकूण किमान पाच, निदान २ आठवडे जवळजवळ रोज टिकली आणि त्यामुळे नेहमीचे कामकाज अडू लागले, तर आम्ही त्याला नैराश्याचा आजार म्हणतो.

तपासण्या आम्हीही करतो, मात्र त्यांचा हेतू निराळा असतो. थायरॉईडचे काम मंदावले, रक्त कमी असले किंवा बी-१२ जीवनसत्त्व घटले, तरी माणूस असाच गळून जातो, म्हणून ते आधी पाहावे लागते. आणखी एक प्रश्न कधीही चुकवू नये: आयुष्यात असे दिवस आले होते का, की झोप जेमतेम दोन-तीन तास, तरी थकवा नाही, बोलणे थांबत नाही, पैसा हातातून सुटतो आहे? उत्तर "हो" असेल तर तो द्विध्रुवीय (बायपोलर) विकार, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी असा अनावर उत्साह येणारा आजार, असू शकतो, आणि तिथे केवळ नैराश्याची गोळी दिल्यास रुग्ण त्या अनावर अवस्थेकडे, म्हणजे उन्मादाकडे, ढकलला जाऊ शकतो. मरणाचे विचार येतात का, हेही स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे माणूस खाली ठेवतो.

आता उपचार. एसिटॅलोप्राम, सरट्रालीन, फ्लुओक्सेटीन ही सर्रास दिली जाणारी औषधे. यांच्याविषयी एक गोष्ट पहिल्याच भेटीत समजावून सांगितली नाही, तर पुढचे सगळे वाया जाते. मळमळ, पोट बिघडणे, डोके दुखणे असा त्रास पहिल्या आठवड्यात होतो आणि गुण दिसू लागायला २ ते ४ आठवडे लागतात. म्हणजे सुरुवातीला त्रास हातात आणि फायदा लांब. नेमक्या याच टप्प्यावर घरात "बंद कर त्या गोळ्या, सवय लागेल" असे कोणीतरी म्हणते आणि औषध सुटते. या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या एकदम तोडल्या तर चक्कर, बेचैनी होऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या, आणि त्याही बरे वाटू लागल्यावर निदान ६ महिने चालू ठेवून. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, चिंतेच्या गोळ्यांची, आणि दुर्दैवाने लोक त्याच वर्षानुवर्षे जुन्या चिठ्ठीवर आणून घेत राहतात. याची मला मनापासून काळजी वाटते.

सौम्य आजारात गोळीविना, नुसत्या समुपदेशनानेही पुष्कळ साधते. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. मन लागले की काम करेन, असे म्हणणाऱ्या रुग्णाला आम्ही आधी काम आणि मागून मन, असा उलटा क्रम देतो: या आठवड्यात रोज चार वाजता जाऊबाईंच्या ओट्यावर दहा मिनिटे बसायचे, एवढेच. मग त्याची वहीत नोंद.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला कोणता ना कोणता मनोविकार आढळला, आणि त्यांतील बहुसंख्य लोक उपचारांविना होते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. घरातून निघणे शक्य नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.

पहिल्या भेटीला येताना ती कागदांची पिशवी अवश्य आणा, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणा, आणि सोबत घरातले असे एक माणूस आणा, ज्याने गेल्या महिन्यात तुम्हाला पहाटे जागे पाहिलेले आहे.