पंचवीस सेकंद आणि एक कागद

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत सप्टेंबर उजाडला की शनिवार कॉलेज फुटबॉलचा. आपण पायाने खेळतो तो फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्याला हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. खेळणारे विद्यार्थी, पण मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. टीव्हीवर सामना लावलात तर कॅमेरा सारखा एका माणसावर जाताना दिसेल. कानाला हेडसेट, हातात प्लास्टिक चढवलेला मोठा रंगीत कागद, आणि ओठ कुणी वाचू नयेत म्हणून तोच कागद तोंडापुढे आडवा धरून बोलणं चाललेलं. पुष्कळदा हा हेड कोच नसतो, कोऑर्डिनेटर असतो. आज त्याच्या कामाबद्दल बोलू.

खेळाचा नियम एका वाक्यात सांगतो. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, आणि प्रत्येक प्रयत्नाला म्हणतात डाऊन. चेंडू घेऊन जाणारे ते ऑफेन्स, अडवणारे ते डिफेन्स. लाथेने चेंडू मारायचा असेल तेव्हा येणारी तिसरी फौज म्हणजे स्पेशल टीम्स. १९६०च्या दशकाच्या मध्यात खेळाडू बदलायची मोकळीक मिळाली आणि या फौजा पूर्ण वेगळ्या झाल्या. प्रत्येकीला आपला कारभारी लागला, तोच कोऑर्डिनेटर. त्याच्या हाताखाली जागेजागेचे प्रशिक्षक असतात आणि स्वतःकडेही तो एक गट ठेवतो. ऑफेन्सवाला बहुधा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल चालवणारा आणि पास फेकणारा गडी सांभाळतो. डिफेन्सवाला लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या रांगेमागचे, नाहीतर सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे राखण करणारे.

पदाच्या नावावर मात्र जाऊ नका. रन गेम कोऑर्डिनेटर, पास गेम कोऑर्डिनेटर, को-कोऑर्डिनेटर अशी बिरुदं हल्ली ढिगाने वाटली जातात, कधी पगार वाढवायला, कधी माणूस टिकवायला. खरा प्रश्न एकच: चाल कोण पुकारतं? टेक्सास विद्यापीठात २०२४च्या हंगामात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर हे पद काइल फ्लड यांच्याकडे होतं, चाली मात्र हेड कोच स्टीव्ह सार्किशियन स्वतः पुकारत. फ्लड यांचं मुख्य काम ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे समोरच्यांना अडवून वाट करून देणारी पुढची रांग घडवण्याचं.

आता आठवडा कसा जातो ते पाहू. शनिवारचा सामना संपला की रविवारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ उघडतात. समजा त्यांचे मागचे चार सामने घेतले. सामन्याला सत्तरेक चाली धरल्या तर २८०च्या आसपास तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला खुणा लावायच्या: कितवा डाऊन, किती यार्ड हवे होते, चेंडू मैदानाच्या कुठल्या बाजूला होता, मैदानात कोण कोण होतं, रचना कोणती, चाल कोणती, मिळालं काय. हे किचकट काम विश्लेषक आणि पदव्युत्तर विद्यार्थी असलेले सहायक रात्री जागून करतात.

इथेच पहिली चूक होते, आणि ती गणिताची असते. चार सामन्यांत तिसरे डाऊन जेमतेम पन्नास सापडतात. त्यांचे जवळचे, मधले आणि लांबचे असे तीन भाग करा, मग चेंडू डावीकडे की उजवीकडे असे आणखी दोन. एका कप्प्यात आठच चाली उरल्या. मग अहवालात येतं, ‘या परिस्थितीत ते ७५ टक्के वेळा ब्लिट्झ करतात,’ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं क्वार्टरबॅकवर सोडतात. ७५ टक्के म्हणजे किती? आठातले सहा. त्या सहांतले दोन एखाद्या दुबळ्या संघाविरुद्ध, सामना हातात आल्यावरचे असतील तर त्या टक्क्याला काय किंमत? मुरलेला कोऑर्डिनेटर टक्के बाजूला ठेवून ते आठ तुकडे स्वतः बघतो.

स्वतःच्या संघाचाही असाच हिशेब मांडतात. आपला टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा गडी, डावीकडे उभा राहिला की आपण दर वेळी तिकडेच धावतो, हे आपल्या लक्षात यायच्या आधी समोरच्याच्या आलेलं असतं.

मग तयार होतो तो कागद, कॉल शीट. त्यावर परिस्थितीप्रमाणे चौकोन असतात. पहिल्या पंधरा चाली आधीच ओळीने ठरवलेल्या. ही पद्धत नामवंत प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी रुजवली. त्या पंधरा काही दगडावरची रेघ नसतात. समोरचा कोणत्या रचनेला कसं उत्तर देतो हे बघायला त्या टाकलेल्या असतात. पुढे तिसऱ्या डाऊनचे चौकोन, आपल्याच गोलरेषेपाशी अडकल्यावरचे, समोरच्याच्या शेवटच्या वीस यार्डांतले, आणि त्यातही दहाच्या आत, पाचाच्या आत असे वेगळे. शेवटच्या दोन मिनिटांत घाईने गुण करायच्या चाली आणि आघाडी असताना घड्याळ खायच्या चाली एकमेकींपासून लांब छापतात. घाईत डोळा चुकला तर अनर्थ.

या शीटची एक गंमत कॉलेजच्या मैदानामुळे आहे. मैदान १६० फूट रुंद. चाल सुरू होते ती मधल्या दोन खुणांच्या आत किंवा त्यांच्यावर, त्यांना हॅश म्हणतात. कॉलेजमध्ये या खुणांत ४० फूट अंतर असतं, व्यावसायिक एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर असला तर एका बाजूला ६० फूट जागा आणि दुसऱ्या बाजूला १००. रुंद बाजूला फेकलेला पास लांबून जातो आणि हवेत जास्त वेळ राहतो. तो पळवणाऱ्या डिफेन्सच्या पोराला तेवढा अवधी मिळतो. म्हणून एकच चाल डाव्या हॅशवरून एक आणि उजव्यावरून दुसरी ठरते, आणि शीटवर प्रत्येक चौकोनाला डावी-उजवी अशा दोन ओळी असतात. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकला डावीकडे पळत फेकणं जड जातं, तेही याच हिशेबात धरायचं.

शीटवर किती चाली ठेवायच्या, यात कोऑर्डिनेटरची खरी परीक्षा असते. नियमाप्रमाणे हंगामात खेळाडूचा आठवड्याचा वेळ २० तासांचा, त्यात बैठका आणि व्हिडिओही आले. सामन्याच्या दिवसाचे तीन तास धरतात. उरले सतरा. समजा त्यात अख्ख्या संघाच्या सरावात शंभर-सव्वाशे चाली बसतात. शीटवर तुम्ही १२० लिहिल्यात तर प्रत्येकीला एक सराव मिळाला, तोही एकाच प्रकारच्या डिफेन्ससमोर. शनिवारी समोरचा वेगळा उभा राहिला की लाइनमधला गार्ड कुणाला अडवायचं म्हणून क्षणभर थबकतो, आणि क्वार्टरबॅक जमिनीवर. ४० चाली ठेवल्यात तर प्रत्येकीला तीन सराव मिळतात, तीन वेगळ्या डिफेन्सविरुद्ध. नव्या कोऑर्डिनेटरचं शीट गच्च भरलेलं असतं. गुरुवारी संध्याकाळी निर्दयपणे काट मारता येणं ही या धंद्यातली मोठी विद्या, असं आमचं मत.

नोव्हेंबर २०२३मध्ये मिशिगनने पेन स्टेटविरुद्ध ही काट थेट मैदानात दाखवली. हेड कोच निलंबित होते आणि सूत्रं ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर शेरॉन मूर यांच्याकडे. पेन स्टेटचे पास रोखणारे गडी जबरदस्त. मूर यांनी दुसऱ्या सत्रात पास जवळपास गुंडाळूनच ठेवला. शेवटच्या ३२ अधिकृत चाली सलग धावेच्या. दिसायला रटाळ सामना, पण मिशिगनने २४-१५ असा जिंकला.

तर शनिवार. एक चाल संपली की घड्याळ ४० सेकंदांवरून उलटं सुरू होतं. २०२४पासून कॉलेजच्या वरच्या श्रेणीत एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायला परवानगी आहे, ओळख म्हणून त्याच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका. घड्याळ १५वर आलं, किंवा त्याआधी चेंडू उचलला गेला, की आवाज बंद. हाताशी राहतात पंचवीस सेकंद.

ते असे जातात. वर प्रेस बॉक्समध्ये बसलेला सहायक हेडसेटवर ओरडतो: ‘सेकंड अँड सेव्हन, डावा हॅश,’ म्हणजे दुसरा डाऊन, सात यार्ड हवेत. कोऑर्डिनेटर आधी माणसं सांगतो: ‘अकरा.’ पहिला आकडा रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यांचा, दुसरा टाइट एंडचा. अकरा म्हणजे एक आणि एक, बारा म्हणजे एक रनिंग बॅक आणि दोन टाइट एंड. बाजूरेषेवरचा प्रशिक्षक बोटांनी तेच दाखवतो आणि पोरं पळतात. इतक्यात आठ-दहा सेकंद गेले. मग चाल: रचना, कुणी कुठे सरकायचं, क्वार्टरबॅकचं रक्षण कसं, पास झेलणाऱ्या रिसीव्हरचे मार्ग. हे लांबलचक असेल तर नुसता आकडा सांगतात, क्वार्टरबॅक मनगटाच्या पट्टीवर तो शोधतो. घड्याळ १५वर येण्याआधी एखादी सूचना घुसवता आली तर घुसवायची: ‘सेफ्टी खाली आला तर चाल बदल.’ त्यानंतर विशीतलं पोरगं एकटं.

बिघडतं ते बहुधा सुरुवातीला. कोऑर्डिनेटर मागच्या चालीवर चार सेकंद हळहळला, तर माणसं उशिरा जातात, चाल उशिरा जाते, पट्टी बघेपर्यंत आवाज बंद होतो आणि वेळकाढूपणाचा पाच यार्डांचा दंड पडतो. म्हणून सराईत माणूस चाल चालू असतानाच पुढच्या दोन ठरवून ठेवतो, यशस्वी झाली तर ही, फसली तर ती. परक्या मैदानावर लाखभर लोक आरडाओरड करत असताना क्वार्टरबॅक हेल्मेटची भोकं हाताने दाबून ऐकतो. रेडिओ बंद पडला तर हातवारे तयार ठेवावेच लागतात.

रेडिओ येण्याआधी सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि फलकांवर चालायचा. ओरेगन विद्यापीठाचे चार चित्रांचे मोठे फलक गाजलेले. समोरच्याचे हातवारे सामना चालू असताना डोळ्यांनी ओळखणं नियमात बसतं. प्रतिस्पर्ध्याच्या आधीच्या सामन्याला माणूस पाठवून टिपण करणं मात्र १९९४पासून मना आहे. मिशिगनच्या हेड कोचच्या निलंबनामागे हेच प्रकरण होतं.

डिफेन्सच्या कोऑर्डिनेटरचे पंचवीस सेकंद आणखी तोकडे, कारण समोरून कोण मैदानात येतंय हे बघेपर्यंत त्याला बोलता येत नाही. ऑफेन्सने माणसं बदलली तर डिफेन्सलाही बदलायची संधी द्यावी लागते, तोवर पंच चेंडूपाशी उभा राहतो. बदलली नाहीत आणि घाईने चाल सुरू केली तर मैदानात जे आहेत त्यांच्यावरच भागवायचं. म्हणून घाई करणाऱ्या संघाविरुद्ध त्याच्या हाकाही एकेका शब्दाच्या असतात.

टीव्हीवर तुम्ही बघता, रिसीव्हर मोकळा पळतोय आणि आसपास कुणी नाही. ते बहुतेक वेळा असं घडलेलं असतं. हाक गेली तीन जणांनी खोल भाग वाटून घ्यायची. ऑफेन्सने तीन रिसीव्हर रुंद बाजूला नेले. सेफ्टीने ठरल्याप्रमाणे हाक बदलली, आता चौघांनी खोल भाग सांभाळायचा. पण गोंगाटात स्लॉटवरच्या, म्हणजे आतल्या रिसीव्हरसमोरच्या पोराला ते ऐकूच गेलं नाही. तो उथळ थांबला, सेफ्टीला वाटलं तो आपल्या बाजूने मागे येतोय. दोघांच्या मधून रिसीव्हर सरळ आरपार. समालोचक कॉर्नरबॅकला, म्हणजे कडेच्या राखणदाराला नावं ठेवतो. सोमवारी कोऑर्डिनेटर विचारतो, बदललेल्या हाकेला उलट हात का दाखवला नाही? हाक मिळाली हे हाताने सांगायचं, हा त्याचा नियम.

मध्यंतर कॉलेजमध्ये २० मिनिटांचं. सिनेमातली भाषणं विसरा. जायला-यायला वेळ जातो, पोरांना पाणी प्यायचं असतं. प्रशिक्षक आधी आपसांत बोलतात, मग फळ्यावर दोन, फार तर तीन दुरुस्त्या. आता टॅब्लेटवर चालू सामन्याचा व्हिडिओ बघता येतो, त्यामुळे बऱ्याच दुरुस्त्या मध्यंतराआधी बाकावरच होतात.

राहिले स्पेशल टीम्स. सहा तुकड्या: किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी लाथ, मारणारी आणि घेणारी; पंट, म्हणजे चौथ्या डाऊनला चेंडू लांब मारून समोरच्याला देणं, मारणारी आणि घेणारी; फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून लाथेने केलेले गुण, मारणारी आणि अडवणारी. सगळी उसनी माणसं, ऑफेन्स-डिफेन्समधून मागून आणलेली. पंटला चेंडू पंधराएक यार्ड मागे फेकायचा, आणि फेकल्यापासून लाथ बसेपर्यंत दोन सेकंदांच्या आसपास; अडीच झाले की पंट अडवला गेलाच समजा. कोऑर्डिनेटर सरावात स्टॉपवॉच घेऊनच उभा असतो.

२०१३मध्ये ऑबर्नच्या मैदानावर अलाबामाने २८-२८ बरोबरी असताना शेवटच्या सेकंदाला ५७ यार्डांचा फील्ड गोल मारला. तो कमी पडला. मागे उभ्या असलेल्या क्रिस डेव्हिसने चेंडू झेलला आणि अख्खं मैदान पार करून सामना जिंकून दिला. अलाबामाच्या तुकडीत बहुतेक गडी लाइनमधले, तीन-तीनशे पौंडांचे. अडवायला उभे केलेले, पाठलागाला नव्हे. म्हणून लांबच्या फील्ड गोलला लाथ बसताच बाहेरच्या दोघांनी कुठून पळायचं आणि किकरने कुठे थांबायचं, याचाही सराव लागतो.

आणि सर्वांत साधी चूक म्हणजे दहाच माणसं मैदानात. ऑफेन्समधला एकजण तिसऱ्या डाऊनला लंगडत बाहेर गेला. तो पंटच्या तुकडीतही होता, हे कुणाच्या ध्यानात नाही. म्हणून तिसऱ्या डाऊनलाच ‘पंट तयार’ अशी हाक जाते, सगळी तुकडी कोऑर्डिनेटरभोवती गोळा होते आणि प्रत्येक जागेच्या बदली खेळाडूचं नाव त्याच्या हातातल्या कार्डावर लिहिलेलं असतं. पुढच्या शनिवारी बाजूरेषेवर बोट हलवत ओठांतल्या ओठांत पुटपुटणारा माणूस दिसला तर ओळखा, तो अकरापर्यंत मोजतोय.

नमस्कार.