कॉफीचा बहार वळवाच्या हाती

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय कॉफीचा. सोलापुरात कॉफी पिणारे घरोघरी आहेत, पण लावणारा कुणी नाही. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाला साधारण १८ ते २२ अंशांची हवा मानवते. रोबस्टा थोडी काटक, तरी आपला ४४ अंशांचा मे महिना तिलाही झेपायचा नाही. पण कॉफीच्या मळ्यांतली सध्याची अडचण आपल्या डाळिंबवाल्यांना पटकन कळेल.

बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडायचं, बागेला ताण द्यायचा आणि मग पाणी सोडायचं, की कळी निघते. कॉफीचंही तंत्र हेच. थंडीच्या कोरड्या दिवसांत कळ्या फांदीवर तयार होऊन निजून राहतात. फरक इतकाच, की तिथला ताण मालक तोडत नाही, वळीव तोडतो. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते. कोडगू, चिक्कमगळुरू, हासन हे तिचे जिल्हे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान तिथे इंचभर पाऊस पडला, की आठ-दहा दिवसांत झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडतात. नुसता शिडकावा झाला, तर कळी धड उमलत नाही. ऐन फुलाच्या दिवशी सर आली, तर परागीभवन बिघडतं. रोबस्टाला ते जास्त बाधतं, कारण तिला दुसऱ्या झाडाचेच पराग लागतात. पुढे महिन्याभरात आणखी एक सर हवी, नाहीतर धरलेलं फळ टिकत नाही.

म्हणजे वर्षाचा पाऊस सरासरीइतका पडला, एवढ्यानं भागत नाही. तो कधी पडला, यावर सगळं. आणि बिघडलंय तेच. पाऊस जानेवारीतच आला, तर रोबस्टाची तोडणी आटपायच्या आतच कळ्या फुलू लागतात. मजुरांनी पिकली फळं तोडायची, की फुलं जपायची? २०२१च्या नोव्हेंबरात, अरेबिका पिकलेली असताना, तिथे धो धो पाऊस झाला. अशा पावसात फळं फुटतात, गळतात. तोडलेली खळ्यावर वाळत घातली, तर त्यांना बुरशी धरते आणि चव जाते ती जातेच. उष्णता वाढली, की खोडकिडाही बळावतो. अरेबिका तर त्याची आवडती.

बाहेरही तेच. २०२१च्या जुलैत ब्राझीलमध्ये हिमकण पडून झाडं करपली. २०२४मध्ये रोबस्टाचं आगर असलेल्या व्हिएतनामला दुष्काळानं गाठलं. २०२५च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली.

ज्यांच्याकडे तळं आहे, ते आता तुषार सिंचनानं स्वतःच ताण तोडतात. सिल्व्हर ओक, पांगारा अशा झाडांची सावली राखतात, त्यांवर मिरीचे वेल चढवतात. कॉफी बुडाली, तर मिरी हात देते. पण तळं खोदायला पैसा लागतो. लहान मळेवाला आभाळाकडेच बघत बसतो.

आपल्यापर्यंत हे सगळं भावातूनच पोचतं, आणि थोडं चिकोरीतून. चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ते, एका वनस्पतीचं भाजून दळलेलं मूळ. मिश्र पुडीत कॉफी निदान ५१ टक्के असावी, असा नियम आहे, आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. भाव चढले असताना पुडी घेताना तो आकडा जरूर वाचा. तो बहुधा बारीक अक्षरात असतो. नमस्कार.